दुबई जाताना दीड तास, येताना साडेचार

आमच्या उल्हासनगरात दुबई जाताना दीड तासावर होती आणि येताना साडेचार तासांवर. हसू नका. सगळा सिंधी कॅम्प असंच मानायचा, आणि दोन वर्षं मीही मानत होते. तिकिटावरच छापलेलं असायचं ना! मुंबईहून सकाळी नऊला निघालं की साडेदहाला दुबई. दुबईहून नऊला निघालं की दुपारी दीडला मुंबई. आता तुम्हीच बोटं मोजा. चूक कुठे दिसते?

येताना एवढा वेळ का, याचंही उत्तर लोकांकडे तयार होतं. सामान. जाणारा माणूस दोन पॅन्ट-शर्ट आणि पापडाचा डबा घेऊन जातो. येताना तोच माणूस टेपरेकॉर्डर, मिक्सर, ब्लँकेटं, नायलॉनच्या साड्या, साबणाच्या वड्या असं घरदार उचलून आणतो. विमान जड झालं म्हणजे ते हळू येणारच. आमचे शेठ तर गिऱ्हाइकाला ठासून सांगायचे, "साईं, आते टाइम फुल लोड होता है. बैलगाडी का भी वही हिसाब है." आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. बैलगाडी सगळ्यांनी पाहिलेली, विमान कुणी आतून पाहिलेलं नाही.

शेठचं दुकान कॅम्प चारच्या बाजारात. पुढच्या अंगाला विमानाची तिकिटं आणि मागच्या अंगाला परदेशी पार्सलं. मी मागच्या अंगाची. पार्सल मांजरपाटाच्या कापडात घालायचं, दाभण आणि जाड दोऱ्याने चारी बाजूंनी शिवायचं, शिवणीवर लाख लावायची आणि वर शाईने पत्ता लिहायचा. उल्हासनगरच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा दीर हाँगकाँगला, कुणाची बहीण लंडनला. सगळ्यांना इथलेच पापड पाहिजेत. मी दिवसभर जमिनीवर पोत्याचा तुकडा अंथरून बसायची आणि पापड शिवायची.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे भावांची शाळा होती म्हणून माझी थांबली. इंग्रजी मला मास्तरांनी नाही शिकवलं, पार्सलांनी शिकवलं. आधी नुसती चित्रं काढल्यासारखी अक्षरं काढायची. मग कळायला लागलं की हे चित्र 'द' आणि हे चित्र 'ब', म्हणजे ही दुबई. वर्षभरात मी पत्ते वाचायला लागले. दीड वर्षात तिकिटावरचं छापील वाचायला लागले. दुकानात टेलिफोनच्या पुस्तकाएवढं विमानांचं जाडजूड टाइमटेबल होतं, ते मी जेवणाच्या सुट्टीत मांडीवर घेऊन बसायची. शेठ म्हणायचे, "ताई, ग्रंथ वाचतेय काय? पारायण कधी संपणार?"

मी म्हणायची, "शेठ, ह्यातले देव रोज वेळेवर येतात. बाकीच्यांचं काय सांगता येत नाही."

घरची गोष्ट थोडक्यात सांगते. आम्ही मोरिवलीचे, अंबरनाथच्या कारखान्यांच्या कुशीतले. ह्यांच्या कारखान्याला टाळं लागलं आणि हे घरी बसले. बसले म्हणजे मिळेल ते काम करायचे, पण मिळायचं नाही. मी रोज तासभर चालत कॅम्पात यायची. गळ्यात मापाची टेप असायची, कारण वाटेत कुणी ब्लाउज शिवायला दिला तर तिथेच उभ्या-उभ्या माप घ्यायचं. पार्सलाचं काम नगावर होतं, म्हणजे सण असला तर भरपूर, नाहीतर हात बांधून बसायचं.

आणि त्याच दिवसांत तिकिटाच्या टेबलावरचा क्लार्क गेला. कुठे गेला? दुबईला. दीड तासात!

खुर्ची रिकामी झाली. काळ्या रेक्झिनची, गोल फिरणारी खुर्ची. तिला पगार होता, महिन्याच्या महिन्याला, पापड येवोत न येवोत. मला ती खुर्ची पाहिजे होती. उगाच मोठेपणा करत नाही, दुसरं काही मी त्या महिन्यात मागितलंच नाही. तीन दिवस मनात घोळवलं आणि चौथ्या दिवशी शेठना सांगून टाकलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. ते हसले, पण मोठ्याने नाही. "ताई, तू सुई चलाती है, उसमें तेरा नंबर एक. पण तिकीट वेगळी चीज आहे. घंटा-मिनिट का काम है. मी कल्याणची एक बी.कॉम. मुलगी बघितली आहे, एक तारखेला येणार."

"बी.कॉम.मध्ये विमानं शिकवतात का हो शेठ?"

"नहीं. पण इंग्लिश शिकवतात."

मी परत पोत्यावर जाऊन बसले. एक तारखेला अजून बारा-तेरा दिवस होते.

आता हाँगकाँगचं सांगते. त्याच आठवड्यात एक हाँगकाँगचं पार्सल शिवत होते. सहज मनात आलं, बघू तरी, हे पापड किती तास उडतात. टाइमटेबल काढलं. मुंबईहून सकाळी अकराला निघून संध्याकाळी साडेसातला हाँगकाँग. साडेआठ तास. ठीक आहे, लांब आहे. येतानाचं बघितलं. हाँगकाँगहून दुपारी दोनला निघून साडेपाचला मुंबई.

साडेतीन तास!

मी बोट ठेवून परत वाचलं. तेच. जाताना साडेआठ, येताना साडेतीन. आणि हाँगकाँगहून येणारी माणसं तर दुबईवाल्यांच्या दुप्पट सामान आणायची, कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे. मग ह्यांचं विमान येताना जड होऊन पळतं कसं? बैलगाडीचा हिसाब इथे कुठे गेला?

त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं काही झालं नाही, मी छान जेवले. पण दुसऱ्या दिवशी चालताना सगळी वाट तेच डोक्यात. आणि चालता चालता टेपेला हात लागला.

शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट माहीत असते. ब्लाउजचे दोन पुढचे भाग कापताना कात्री सरकली, एक भाग बोटभर मोठा झाला आणि दुसरा तेवढाच लहान, तर घाबरायचं नाही. दोन्ही जोडून मोजायचे आणि टेप मधून दुमडायची. खरं माप दुमडीत मिळतं. कारण कापड कमी-जास्त झालेलं नसतं, एकीकडचं दुसरीकडे गेलेलं असतं.

दुकानात पोचले ती चप्पल न काढता मागे गेले. एक इंच म्हणजे एक तास धरला. जातानाचे साडेआठ, त्याला जोडून येतानाचे साडेतीन. बारा. बारा इंचावर धरून टेप दुमडली. सहा!

मग दुबई. दीड आणि साडेचार, सहा. दुमडली. तीन!

म्हणजे विमान जाताना सहाच तास घेतं आणि येतानाही सहाच. मग साडेआठमधले वरचे अडीच कुठून आले? आणि साडेतीनला जे अडीच कमी पडतात ते गेले कुठे? बराच वेळ तशीच बसले. मग आठवलं, हाँगकाँगहून फोन येतो तेव्हा आपल्याकडे चार वाजलेले असतात, चहा उकळत असतो, आणि तिकडचा माणूस म्हणतो, इकडे साडेसहा झाले, दुकान बंद करतोय. अहो, अडीच तास घड्याळातले आहेत! विमानातले नाहीतच! निघायची वेळ आपल्या घड्याळाची छापतात आणि पोचायची त्यांच्या घड्याळाची. दोन वेगळ्या गजांनी मोजलेलं कापड आम्ही एकाच भावाने विकत होतो.

खात्री करावी म्हणून शेठच्या काचेच्या कपाटातला पृथ्वीचा गोल काढला, आत दिवा लागणारा. त्यावर टेप धरली. टेप गोलावरून छान फिरते, ती अंगावर फिरायलाच बनवलेली. मुंबई ते दुबई दोन इंचाला जरा कमी. मुंबई ते हाँगकाँग चार इंच. तिकडे तीन तास, इकडे सहा. अंतर दुप्पट, वेळ दुप्पट. मेळ बसला.

शाळेत जाणाऱ्याला हे सातवीत की आठवीत शिकवतात म्हणे. असू दे. मला ते वयाच्या चौतिसाव्या वर्षी पापडाच्या ढिगाऱ्यात मिळालं, आणि मी एकटीच हसत बसले होते. सांगितलं मात्र कुणाला नाही. सांगणार कुणाला? शेठ म्हणाले असते, ग्रंथ अंगात आला.

दोन दिवसांनी दुकानात अम्मा आल्या. अम्मा म्हणजे आमच्या बाजारातलं मोठं घर, अख्ख्या गल्लीची तिकिटं त्यांच्या शब्दावर आमच्याकडे यायची. सोबत नवी सून, तीन महिन्यांपूर्वी लग्न झालेली. नवरा हाँगकाँगला नोकरीत, लग्नानंतर पंधरा दिवसांत परत गेला होता. सुनेचे कागद आता कुठे झाले होते आणि तिकीट निघालं होतं. अम्मांनी ते तिकीट टेबलावर आपटलं.

"कॅन्सल कर."

शेठ उठून उभे राहिले. "क्या हुआ अम्मा?"

"उस दिन तीजडी है. तू सिंधी होके देखता नहीं?"

तीजडी म्हणजे सिंधी बायकांचा नवऱ्यासाठीचा उपास. पहाटे खायचं, मग दिवसभर पाणीसुद्धा नाही, आणि चंद्र उगवला की त्याला बघून सोडायचा. सुनेची ही पहिलीच तीजडी. अम्मा म्हणाल्या, "साडेआठ घंटा बंद डब्यात, बिना पानी! ही पोरगी बघ, काडीसारखी. मागच्या महिन्यात उन्हात चक्कर येऊन पडली. तिथे आकाशात पडली तर मी कुणाला हाक मारू? तीजडी होऊ दे, मग जाईल."

शेठ म्हणाले, "अम्मा, मग दीड महिना सीट नाही. मी आत्ताच बघून सांगतो, नाही."

 सून नुसती तिकिटाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण सासूसमोर पुसायचे कसे, म्हणून ती खाली बघून बांगड्या सारख्या करत होती.

"साडेआठ घंटा तो लगेगाच अम्मा," शेठ हताश होऊन म्हणाले. "टिकट पे छपा है."

माझ्याने राहवलं नाही. दाभण हातात घेऊन मी तशीच पुढच्या अंगाला आले. "साडेआठ नाही शेठ. सहा."

शेठनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पोतंच उठून चालत आलंय. अम्मा म्हणाल्या, "ये कौन?"

"पार्सल की बाई है, अम्मा. ताई, तू अंदर जा."

"जाते. पण आधी अम्मांना येतानाचं सांगा. हाँगकाँगहून दोनला निघतं आणि साडेपाचला येतं. साडेतीन तास. जाताना साडेआठ, येताना साडेतीन. का हो अम्मा, जाताना रस्ता चढणीचा आहे काय?"

सून फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. अम्मा मात्र हसल्या नाहीत. पक्क्या व्यापारी बाई होत्या त्या, दोन भावांत फरक दिसला की कान टवकारणाऱ्या. त्यांनी शेठकडे बघितलं. "ये सच है?"

शेठनी टाइमटेबल उघडलं. बघितलं. "सच तो है... पण आते टाइम लोड..."

"लोड असेल तर उशीर होईल ना शेठ. इथे तर लवकर येतंय."

मग मी गळ्यातली टेप काढली आणि अम्मांच्या समोर टेबलावर ठेवली. साडेआठ मोजले, साडेतीन जोडले, दुमडले. दुबईचे मोजले, दुमडले. गोल आणला, त्यावर टेप फिरवली. अम्मांनी टेपेचं एक टोक स्वतः धरलं होतं, मुंबईवर अंगठा दाबून. कापड बाजारात आयुष्य गेलेलं, दोन्ही टोकं मोजणाऱ्या एकट्याच्या हातात द्यायची नाहीत ही सवय.

"सहा?" त्या म्हणाल्या.

"सहा. वरचे अडीच घड्याळातले आहेत. आणि अम्मा, अजून सांगू? तिकडे दिवस आपल्याआधी मावळतो, मग चंद्रपण आपल्याआधी उगवणार. इथे राहिली तर तिला नऊपर्यंत थांबावं लागेल. तिकडे चंद्र येईल तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतील. अडीच तास उपास कमी."

मला वाटलं अम्मा खूश होतील. त्या भडकल्या! "कम? तो व्रत अधूरा! मेरे बेटे का व्रत अधूरा?"

झालं का आता. शेठनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अम्मा, उपास घड्याळ बघून सोडायचा असतो की चंद्र बघून?"

 अम्मा म्हणाल्या, "चांद."

"मग तो जिथे दिसेल तिथे. आणि नवऱ्याच्या शेजारी उभं राहून दिसला तर वाईट आहे का?"

अम्मांनी सुनेकडे बघितलं. मग तिकीट उचललं, पर्समध्ये घातलं आणि शेठना बोट दाखवून म्हणाल्या, "ये बाई सही निकली तो ठीक. नहीं तो इस गली का एक टिकट तेरे पास नहीं आएगा."

त्या गेल्या आणि शेठ खाली बसले. "ताई, समजलं तू काय केलंस? मेरा आधा धंदा टेप पे रख दिया. चुकीचं निघालं तर सुई पण गेली तुझी."

"आणि बरोबर निघालं तर?"

शेठनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"तर खुर्ची," मी म्हटलं. "बोला. अम्मांनाही सांगून ठेवते."

"ठीक है," शेठ म्हणाले. "कुर्सी."

सून जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन आले. तिच्या हातात लग्नातलं सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. तिला सांगितलं, "हे घड्याळ आपल्या टायमावर ठेव. तिकडे गेलीस तरी काटा हलवायचा नाही. विमान धावायला लागलं की बघ, जमिनीला टेकलं की बघ, आणि चंद्र दिसला की बघ. तीन आकडे. लिहून ठेव." तिने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आंटी, पक्का सहाच ना?" मी म्हटलं, "पक्का." आणि बाहेर पडल्यावर जिन्यात उभी राहून टेप परत एकदा दुमडून बघितली.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. मी पाच पार्सलं शिवली, त्यातल्या एकाला झाकण खाली आणि पत्ता उलट्या अंगाला. शेठ दर तासाला पुढून विचारायचे, "ताई, अब किधर होगी?" मी गोलावर बघून सांगायची, "कलकत्त्याच्या पुढे." ते परत आपल्या जागेवर. मग पुन्हा, "अब?" माणूस माझ्यावर चिडलेला होता, पण त्यालाही मजा यायला लागली होती. साडेसहाला मी दुकानाबाहेर येऊन उगाच आभाळाकडे बघितलं. ढग होते आणि आपला चंद्र यायला अजून अडीच तास होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अम्मा दुकानात हजर. फोन इथेच येणार होता, त्यांनीच तसं ठरवलेलं. काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर. शेठ उभे. मी दारात, अर्धी आत, अर्धी बाहेर. फोन वाजला तेव्हा तिघांचेही हात पुढे आले. उचलला अम्मांनी.

आधी रडणं झालं, मग तब्येत झाली, मग मुलगा काय जेवला ते झालं. शेवटी अम्मा म्हणाल्या, "घड़ी का बोल." आणि कानाला लावून ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसू देईनात. मग फोन माझ्याकडे धरला. "तुझे बुलाती है."

"आंटी!" तिकडून एवढ्या मोठ्याने आवाज आला की शेठनाही ऐकू गेलं. "सहाला पाच मिनिटं कमी! मी सारखी बघत होते! आणि चांद दिसला तेव्हा माझ्या घड्याळात सहा पस्तीस, इथल्या भिंतीवर नऊ पाच! हे शेजारी उभे होते! मला चक्कर आली नाही, काही झालं नाही!"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. मी टेबलाला धरून उभी होते एवढं आठवतं, आणि माझे दात दिसत होते, कारण अम्मा म्हणाल्या, "बस कर, मुँह दुखेगा."

शेठ म्हणाले, "पाच मिनट का फरक है."

"अबे चुप!" अम्मा ओरडल्या. "तू सालोंसाल अडीच घंटे का फरक बेच रहा था! कुर्सी दे उसको."

"देता हूं अम्मा, एक तारीख से..."

"एक तारीख किस लिए? आज क्या खुर्चीला सुट्टी आहे?"

शेठनी खुर्ची बाहेर ओढली. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा फिरत्या खुर्चीवर बसत होते, ती माझ्यासकट अर्धी फिरली आणि माझं तोंड भिंतीकडे झालं. अम्मा पोट धरून हसल्या. मी पायाने रेटून परत पुढे आले. त्या खुर्चीत पुढे मी चौदा वर्षं बसले. कॉम्प्युटर आला, त्यात तासही आपोआप दिसायला लागले, तरी बसले. कल्याणची बी.कॉम. मुलगीही ठरल्या दिवशी आली. तिला शेठनी पासपोर्टचे फॉर्म भरायला ठेवलं, आणि तिने मला चांगलं इंग्रजी शिकवलं. मी तिला घड्याळं शिकवली. मोरिवलीत ह्यांनी ज्याला-त्याला सांगितलं की आमची बाई आता विमानं सोडते. मी कधी खोडून काढलं नाही.

पण त्या सकाळचं अजून राहिलं. हसणं थांबलं तशा अम्मा जरा पुढे वाकल्या. शेठना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "मुलगा पाच वर्षं तिकडे आहे. दरवर्षी बोलावतो. मी म्हणते, गुडघे दुखतात." पर्सची चेन उघडली. "गुडघे नाही दुखत. ते साडेआठ घंटे... मी घाबरत होते."

मी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"सहा घंटे तर मी दुकानात बसतेच ना," अम्मा म्हणाल्या आणि पर्समधून पासपोर्ट काढला. नवाच होता, पण बरेच दिवस पर्समध्ये फिरलेला, कोपरे मऊ झालेले. टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवला.

मी तिकिटांचं कोरं पुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं. अक्षर सरळ आलं. मोठ्या अक्षरांत आधी मुंबई लिहिलं, मग हाँगकाँग.

"अम्मा, खिडकीजवळ देऊ?"

"खिड़कीच दे," अम्मा म्हणाल्या. "सहा तासांत काय काय लागतं ते मी स्वतः बघणार."